बाळूचे दुखणे

घरातले माणूस आजारी पडले म्हणजे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "काय होतंय?" हा. मग माणूस सांगते, डोके ठणकते आहे, अन्नावर वासना नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. निम्मे निदान तिथेच होऊन जाते. कुत्रा आजारी पडला म्हणजे हाच प्रश्न घरातल्यांना विचारला जातो, आणि घरात जितकी तोंडे तितकी उत्तरे मिळतात. यंदाच्या श्रावणात आमच्या ठाण्याच्या बिऱ्हाडी हे दुखणे आले, तेव्हा आम्ही मिळून सहा साक्षीदार होतो आणि सहांच्या साक्षी सहा तऱ्हेच्या होत्या.

दुखणाईत होता आमचा बाळू. कागदोपत्री त्याचे नाव ब्रूनो. नऊ वर्षांपूर्वी मुलीने पावसात भिजणारे एक गावठी पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी आणले आणि हे विलायती नाव तिनेच ठेवले. ते सासूबाईंच्या जिभेवर बसेना. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा बाळू केला, आणि कुत्राही असा व्यवहारी की ज्या हाकेला दहीभात मिळतो तेच आपले नाव, हे त्याने ताबडतोब ठरवून टाकले. मामंजी गेल्यापासून तर तो सासूबाईंच्या पलंगाखालीच निजतो. त्या रात्री पाणी प्यायला उठल्या की तोही उठतो, त्या परत आडव्या झाल्या की मगच अंग टाकतो. त्यामुळे या दुखण्याची पहिली फिर्याद त्यांच्याकडूनच आली. "बाळू रात्री उठला नाही गं," असे त्या एका सकाळी म्हणाल्या.

त्यानंतरच्या दोन दिवसांत त्याने जेवण सोडले. आम्ही त्याला एका दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागे हात फिरवून पाहिला. तिन्ही ठिकाणी गाठी सुजलेल्या होत्या. वय नऊ, वजन तीन किलोंनी उतरलेले, अंगभर गाठी. कॅन्सरची शंका येते, पुढच्या तपासण्या करून घ्या, असे त्यांनी सांगितले. ते काही अवाजवी बोलले नाहीत. कुत्र्यांत रसग्रंथींचा कॅन्सर असाच दिसतो, हे मला पुढे कळले. पण दवाखान्यात उच्चारलेली शंका घरी पोचेपर्यंत निकाल होऊन बसते. आमच्या घरात त्या संध्याकाळी दिवे लागले, पण बोलणे कोणी बोलेना.

मग फोन सुरू झाले. नात्यातल्या एका गृहस्थांनी समजावणीच्या सुरात सांगितले की, नऊ वर्षे म्हणजे कुत्र्याचे भरलेले आयुष्य. सुया टोचून हाल करण्यापेक्षा एकच सुई देऊन सुटका करावी. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ह्यांनाही ते अर्धेमुर्धे पटले होते, कारण कण्हणारे जनावर पाहवत नाही. सासूबाई मात्र जपाची माळ खाली ठेवून म्हणाल्या, "अरे, आधी त्याला झालंय काय ते तर कळू दे. नाव ठाऊक नसलेल्या दुखण्याला कसली शिक्षा सुनावता?" त्यांचे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. पण त्या रात्री घरातल्या सगळ्या पदवीधरांत शास्त्रशुद्ध बोलणे तेवढे त्यांचेच होते, असे मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने सुचवलेल्या डॉक्टरांकडे गेलो. हे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, वयाने साठीकडे झुकलेले. परळचे हे महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, तेही सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने उभारलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात. मुंबईच्या ट्राम त्या काळी घोडे ओढीत आणि माल बैलगाड्यांतून जाई. तेव्हा जनावरांचा डॉक्टर ही चैन नव्हती, शहराच्या चाकांची गरज होती. आता त्याच विद्येचा उपयोग तिसऱ्या मजल्यावरच्या बाळूंना होतो.

या डॉक्टरांची तऱ्हा निराळी. बाळूला टेबलावर घेण्याआधी त्यांनी आम्हालाच समोर बसवले. मी म्हटले, "चार दिवस झाले, अगदी मलूल आहे."

"मलूल म्हणजे काय करतो? किंवा काय करत नाही?"

वीस वर्षे मी मराठी शिकवते आहे. पण 'मलूल' या शब्दाचा अर्थ कोणी असा रोखून विचारील, असे कधी वाटले नव्हते. मलूल, सुस्त, पेंगुळलेला, मरगळलेला, निपचित! आपल्या भाषेत आजारपणाच्या छटा सांगणारे किती सुंदर शब्द आहेत. पण डॉक्टरांच्या कागदावर त्यांतला एकही उतरेना. त्यांना हवे होते ते जिने किती चढतो, वाटीतले पाणी किती संपते, लघवीचा रंग कोणता, शी कधी झाली, शेवटचे पोटभर जेवण कोणत्या वारी.

मग साक्षी सुरू झाल्या. हे सकाळी त्याला फिरायला नेतात. ते म्हणाले, पूर्वी मला कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत ओढत न्यायचा, आता फाटकातूनच परत वळतो. मुलीने सांगितले की, डावा डोळा निळसर दिसतो आहे. मुलगा यंदा दहावीला. त्याच्या मते काहीच फरक नव्हता, 'तो तसाही झोपलेलाच असतो.' सासूबाईंनी सोमवारचा दहीभात आणि रात्रीचे न उठणे सांगितले. मी सांगितला तो खोल गेलेला आवाज. सहावी साक्ष आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची. त्या दवाखान्यात नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी फोन लावायला सांगितला. त्या पलीकडून म्हणाल्या, "वहिनी, फरशी पुसताना दोनदा तांबडे ठिपके दिसले होते. मला वाटलं, आजींच्या पूजेचं कुंकू सांडलं असेल. आणि ते गॅलरीच्या भिंतीवर गोचीड चढत होते ना, ते मागच्या महिन्यातही मी चपलेने मारले."

गोचीड म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "कुठे बाहेरगावी नेला होता?"

मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो होतो. तिथल्या वाडीत गाईगुरांमध्ये बाळूने महिनाभर मौज केली होती. परतल्यावर त्याच्या कानांतून आणि बोटांच्या बेचक्यांतून आम्ही गोचीड काढले, त्याला औषधी साबणाने न्हाऊ घातले. पण ते सारे मेमधले. आता ऑगस्ट चालला होता. "तेच तर," डॉक्टर म्हणाले. "हा आजार कधी दोन-तीन आठवड्यांत दिसतो, कधी महिनोन् महिने अंगात दडून बसतो." ठिपके एका नाकपुडीतले की दोन्ही, हेही त्यांनी विचारले. एकाच बाजूने रक्त येत असेल तर नाकातच काही असण्याचा संशय. दोन्हींतून येत असेल तर रक्त गोठण्याच्या क्रियेतच बिघाड.

आता बाळू टेबलावर गेला. ताप १०४ अंश. इथे एक गोष्ट वाचकांना सांगण्यासारखी आहे. निरोगी कुत्र्याच्या अंगची उष्णता आपल्यापेक्षा जास्त असते, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. तेव्हा १०२ पाहून घाबरण्याचे कारण नाही. नाक गार म्हणजे प्रकृती उत्तम, नाक कोरडे म्हणजे ताप, हा आपल्याकडचा आडाखाही भरवशाचा नाही. डॉक्टरांनी बाळूचा ओठ वर उचलून हिरड्या दाखवल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या फिकट होत्या आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. तसेच ठिपके पोटावर. बोटाने दाबले तरी ते पांढरे होत नव्हते, म्हणजे ते पिसवांचे चावे नव्हते, कातडीखाली झिरपलेले रक्त होते.

"गाठी हे लक्षण झालं," ते म्हणाले. "लक्षण म्हणजे रोगाचं नाव नव्हे. कॅन्सरने गाठी येतात, तशा या तापानेही येतात. आधी रक्त पाहू."

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने आता आपल्या घराघरांत नेऊन पोचवला आहे. निरोगी कुत्र्याच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, ढोबळ मानाने दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात. बाळूच्या होत्या अडतीस हजार. हिमोग्लोबिन १२ ते १८ हवे, ते साडेसहा. काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मात्र दिसला नाही. माझा चेहरा उतरला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, हा जंतू पांढऱ्या पेशींच्या आत घर करून राहतो आणि काचपट्टीवर क्वचितच सापडतो. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. मग रक्ताचा एक थेंब तयार पट्टीवर टाकला. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली.

रोगाचे नाव एर्लिकिओसिस. आपल्या बोलीत गोचीडताप. १९३५ साली अल्जीरियात दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना कुत्र्यांच्या रक्तात हा जंतू प्रथम आढळला. पुढे त्याच्या कुळाला पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. रक्तपेशी रंगवून निरनिराळ्या ओळखता याव्यात यासाठी एर्लिकनेच रंगांचे तंत्र घडवले होते आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएतनामच्या युद्धात १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्यातले पहारेकरी कुत्रे मोठ्या संख्येने नाकातून रक्त जाऊन मरू लागले, तेव्हा या आजाराकडे जगाचे लक्ष गेले. त्यांतले बहुतेक जर्मन शेफर्ड होते. त्या जातीला हा ताप विशेष छळतो. आमचा बाळू गावठी. याचा मला, खोटे कशाला सांगू, त्या क्षणी आनंद झाला.

आता कोणी म्हणेल, कॅन्सर नव्हे म्हणजे सुटलोच की! तसे नव्हते. हा ताप वेळीच ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो. पण मुरला आणि हाडांतल्या मगजाने नवे रक्त करणेच थांबवले, तर डॉक्टरांच्याही हाती फारसे उरत नाही. बाळू या दोहोंच्या सीमेवर कुठे आहे, हे औषध सुरू करूनच कळणार होते. औषध साधे, डॉक्सिसायक्लिन. वजनाच्या दर किलोला रोज दहा मिलिग्रॅम. बाळूचे वजन आता वीस किलो, म्हणून शंभराची गोळी दिवसातून दोनदा. आणि ती अठ्ठावीस दिवस. मधेच तरतरी आली तरी एक दिवसही सोडायची नाही. गोळी अन्नासोबत द्यायची, नाही तर ओकारी होते किंवा ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मात्र दुधादह्यातून नको, कारण त्यातल्या चुन्यामुळे औषध पुरते अंगी लागत नाही. म्हणजे ज्या एका पदार्थातून बाळूने जगातले कोणतेही विष आनंदाने खाल्ले असते, तो दहीभातच बाद! सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला. मऊ पोळीच्या तुकड्याला तुपाचे बोट, आत गोळी, आणि मागोमाग पाणी.

त्याच दिवशी डॉक्टरांनी दुसरीही सूचना दिली. हिमोग्लोबिन आणखी उतरले तर रक्त चढवावे लागेल, तयारी ठेवा. कुत्र्यांनाही रक्तगट असतात, हे मला नवे होते. मात्र पहिल्या वेळी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त त्यांना बहुधा निभावते, कारण त्यांच्यात परक्या गटाविरुद्धची शस्त्रे आपल्यासारखी जन्मतःच सज्ज नसतात. तरीही दोन्ही रक्ते जुळवून पाहणे चांगले. देणारा कुत्रा तरुण, निरोगी, लसी टोचलेला आणि अंगाने भरलेला हवा. मुलाने, 'काहीच फरक नाही' म्हणणाऱ्या आमच्या त्याच दहावीच्या विद्यार्थ्याने, संध्याकाळपर्यंत शाळेतल्या मित्रांत विचारपूस करून एक लॅब्रॅडॉर शोधून काढला. त्याचे मालक बस आगारात नोकरीला. आमची ओळख ना देख. रात्रपाळीहून उतरून ते गृहस्थ सकाळी सात वाजता आपल्या तीस किलोंच्या कुत्र्याला रिक्षात घालून आमच्या दारात हजर! "बोलावणं आल्यावर निघण्यापेक्षा इथेच बसतो," म्हणाले. दोन दिवस ते असे येऊन बसले. चहाखेरीज त्यांनी काही घेतले नाही. लॅब्रॅडॉरने मात्र आमचा बिस्किटांचा डबा रिकामा केला.

सल्ले तर येतच होते. कोणी म्हणाले, ताप आहे ना, आपली तापाची गोळी द्या की अर्धी. ही सूचना इतक्या घरांतून ऐकू येते की तिचे उत्तर इथे ठळकपणे लिहिते: माणसांच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन त्यांना घातक ठरू शकतात, आणि अॅस्पिरिनने तर आधीच पातळ झालेले रक्त अधिक वाहते. शेजारच्या वहिनींनी पपईच्या पानांचा रस सुचवला. डॉक्टर हसून म्हणाले, "त्याच्या भरवशावर गोळी चुकवली नाहीत म्हणजे झालं."

तिसरी रात्र वाईट गेली. दोनच्या सुमारास बाळू शिंकला आणि दोन्ही नाकपुड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे त्याला निजवून ठेवले, आरडाओरडा केला नाही, फडक्यात बर्फ गुंडाळून नाकाच्या दांडीवर धरला. सासूबाई पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी खाली फरशीवर बसल्या आणि त्याचे डोके त्यांनी मांडीवर घेतले. मी नेहमी वर्गात सांगते की, शोक हा मोठ्याने बोलत नाही. त्या रात्री त्या फक्त "बाळू, मी जागी आहे हो," एवढे अधूनमधून म्हणत होत्या. वीस मिनिटांनी रक्त थांबले. मुलीने वहीत वेळ लिहिली.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवे. पहिल्या दिवसापासून तिने शंभर पानी वहीत रकाने आखले होते: वेळ, ताप, पाणी, अन्न, लघवीचा रंग, जिन्याच्या पायऱ्या, शेरा. माझे 'मलूल' त्या वहीत 'पायऱ्या ०' असे उतरले होते. चौथ्या दिवशी 'ताप १०२.८' आणि 'पाणी दीड वाटी' आले. पाचव्या दिवशी दुपारी शेऱ्यात लिहिले होते, 'मावशींची चप्पल पळवली.' डॉक्टरांनी वही चाळताना त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "लॅब्रॅडॉरला घरी जाऊ द्या."

सातव्या दिवशी प्लेटलेट एक लाख दहा हजार झाल्या. गाठी ओसरू लागल्या. जंतू गेला की गाठी जातात; कॅन्सरच्या गाठी डॉक्सिसायक्लिनने जात नाहीत. शंकेचे उत्तर असे हाताला लागले. डोळ्याच्या आतली सूज याच तापाची. तिला निराळे थेंब होते. बुबुळावर एक पुसट धुके मात्र राहिले आहे, ते बहुधा तसेच राहील. अठ्ठावीस दिवस भरले तेव्हा प्लेटलेट दोन लाख तीस हजार आणि हिमोग्लोबिन साडेअकरा होते.

मग घराची चिकित्सा. कुत्र्याच्या अंगावरचा हा तपकिरी गोचीड मोठा चिवट. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. त्यांतून निघालेली पिले पुन्हा अंगावर चढतात, पुन्हा उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. आपल्याकडच्या हवेत हे बारा महिने चालते. तेव्हा नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. गॅलरीच्या फटी आम्ही सिमेंटने बुजवल्या आणि औषधाची फवारणी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा केली. बाळूला आता गोचिडांवरची गोळी ठरलेल्या तारखेस मिळते. या तापावर लस नाही, म्हणून ही तारीख चुकवायची नाही. अंगावर गोचीड सापडलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल लावणे, काडीने चटका देणे हे जुने उपाय नकोत. कुत्र्यापासून माणसाला हा ताप सरळ लागत नाही, मधला दलाल गोचीडच. तेव्हा शेजाऱ्यांनी घाबरायचे कारण नव्हते. आमच्या खालच्या मजल्यावरून तशी विचारणा झाली होती आणि ती सरळ मनाने झाली होती.

खर्च? डॉक्टर, तपासण्या, औषधे आणि फवारणी मिळून इतका झाला की दिवाळीला घ्यायचे ठरलेले पुस्तकांचे कपाट पुढच्या वर्षावर गेले आहे. माझी पुस्तके अजून पलंगाखाली खोक्यांत आहेत. त्यांतल्या एका खोक्याला टेकून बाळू निजतो, आणि रात्री पाणी प्यायला सासूबाई उठल्या की उठतो.

पुढची रक्ततपासणी भाऊबिजेनंतरच्या सोमवारी आहे. पट्टीवरची ती दुसरी रेघ तेव्हा पुन्हा पाहायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. रोग बरा झाला तरी ती कित्येक महिने उमटत राहते आणि उगाच जिवाला घोर लावते. मोजायच्या त्या प्लेटलेटच. तोवर फराळाचे डबे भरायचे आहेत. द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना बाधू शकतात, हे कळल्यापासून सासूबाईंनी बेदाण्यांची बरणी सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवली आहे. चॉकलेटचे खोके तिच्याशेजारीच आहे, आणि वहीत मुलीने एक नवा रकाना आखला आहे: 'फटाके, कोणत्या वेळी, किती घाबरला.'